फी जूनमध्ये, उसाचं बिल मार्चमध्ये

२०२४ च्या जूनचा पहिला आठवडा. अकलूजच्या बाजारात ठिबकचं सामान, पीव्हीसी पाइप आणि पाणबुडी मोटारी विकणारं एक दुकान आहे. त्या दुकानाच्या काउंटरवर माझ्यापुढे दोन कागद आले. एक जाड, गुळगुळीत आणि रंगीत होता, पुण्यातल्या एका अभिमत ('डीम्ड') विद्यापीठाचं बीबीए, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीच्या, प्रवेशाचं पत्र. दुसरा साधी झेरॉक्स, राज्याच्या सीईटीचं हॉलतिकीट. परीक्षा २९ मे रोजी झाली होती, निकाल यायचा होता.

"साहेब, ह्यातलं कुठलं घ्यायचं तेवढं सांगा," दुकानाचे मालक नाना म्हणाले. "आन् बँकेचं काय होतंय तेबी बघा."

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेला माणूस. नोकरीतली चार वर्षं अकलूज शाखेत काढली आणि नानांचं कॅश क्रेडिट (सीसी) खातं, म्हणजे धंद्यासाठीच्या चालू कर्जाचं खातं, तेव्हा माझ्या टेबलावर होतं. शैक्षणिक कर्जाची प्रकरणं मी शेकड्यांनी पाहिली, पण बहुतेक वेळा मुलांनी निर्णय घेऊन झाल्यावरच. निर्णयाच्या आधी कुणी विचारायला येण्याची ही पहिलीच वेळ. हे प्रकरण नानांच्या मुलीचं, तिला वाचून दाखवून, तिच्या होकाराने लिहितो आहे. तिचं आणि दोन्ही संस्थांचं नाव घालणार नाही. 'नाना' असं त्यांना सगळा बाजारच म्हणतो.

घरचा हिशोब

नानांची उलाढाल वर्षाला ९०-९५ लाखांची. नफा अंदाजाने दाखवायच्या ४४-एडी कलमाखाली ते विवरणपत्र भरतात, त्यात उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास येतं. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण हा पैसा दर महिन्याला येत नाही, हे ज्याने ऊसपट्ट्यात धंदा केलाय त्यालाच कळतं. शेतकरी ठिबक बसवतो लागणीच्या वेळी आणि पैसे देतो ऊस गेल्यावर. गाळप साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदराची रक्कम, द्यायला हवी, पण ते कागदावर. कारखान्याचं बिल शेतकऱ्याच्या खात्यावर आलं की मग नानांची उधारी वसूल होते. म्हणजे मार्च-एप्रिलला गल्ल्यात पैसा आणि जून-जुलैला खडखडाट, कारण तेव्हा नवा माल भरायचा असतो. कॉलेजची फी नेमकी जूनमध्ये.

मुलगी अकरावीपासून दुकानात टॅली बघत होती. जीएसटीची विवरणपत्रं सीए भरायचा, पण बिलं लावून द्यायचं काम तिचं. २१ मे रोजी बारावीचा निकाल लागला, वाणिज्य शाखेत ८७ टक्के. तिला व्यवस्थापन शिकायचं होतं, याबाबत घरात दुमत नव्हतं. सोलापूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं जवळ होती. पण 'घर सोडायचंच आहे तर मग पुण्यालाच जाऊ दे,' असं तिच्या आईने एका वाक्यात ठरवून टाकलं होतं. इंदूरच्या आयआयएमने २०११ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्याचंही नाव निघालं. पण त्याच्या परीक्षेची तयारी तिने केली नव्हती, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

दोन कागद

अभिमत विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली होती, मुलाखत घेतली होती आणि जागा दिली होती. शिक्षणशुल्क वर्षाला ४ लाख २५ हजार. वसतिगृह आणि जेवण धरून आणखी सुमारे २ लाख. पहिला हप्ता २ लाख २५ हजार, मुदत १५ जून. म्हणजे हातात जेमतेम १० दिवस.

दुसरा रस्ता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजचा. पूर्वी हे सोपं होतं. कॉलेजची गुणवत्ता यादी लागायची, फी भरायची, झालं. पण २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या अखत्यारीत घेतले. त्यामुळे महाराष्ट्रात त्यांना पहिल्यांदाच सीईटी आली आणि प्रवेश केंद्रीभूत फेऱ्यांतून, म्हणजे 'कॅप'मधून, होऊ लागले. परीक्षा १०० प्रश्नांची, ९० मिनिटांची. त्यात इंग्रजी ४०, तर्क ३०, सामान्यज्ञान १५ आणि संगणकाची मूलभूत माहिती १५. हिशोबाचा एकही प्रश्न नाही. व्यवसायाच्या पदवीला निवड करताना व्यवसायाचं गणितच विचारायचं नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. असो.

पहिलंच वर्ष असल्याने गोंधळ व्हायचा तो झाला. अनेक मुलांना परीक्षा असते हेच कळलं नव्हतं. राज्यात लाखाहून अधिक जागा आणि परीक्षा दिलेली मुलं त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून ऑगस्टमध्ये जादा सीईटी घ्यावी लागली. प्रवेश लांबले. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट) अशी पाटी लावली, म्हणजे सीईटीची कटकट नको. नानांना एका कॉलेजच्या खिडकीवर हा सल्ला फुकटात मिळाला होता.

तेव्हा पेच असा होता. एका विद्यापीठाचं उत्तर १५ जूनला द्यायचं होतं आणि दुसऱ्याचा प्रश्न ऑगस्ट उजाडल्याशिवाय पुढ्यात येणारच नव्हता. 'दोन विद्यापीठांतलं एक निवडा' असं सगळे म्हणत होते, पण एका वेळी दोन्ही टेबलावर कधी नव्हतीच. मी पाहिलेल्या निम्म्या प्रकरणांत पालक इथेच हरतात. हातची जागा सुटेल या धास्तीने पहिली फी भरतात आणि मग 'भरलेच आहेत तर' म्हणून तीन वर्षं भरत राहतात.

बँकेच्या चष्म्यातून

नानांसाठी मी पाठकोऱ्या बिलावर आकडे मांडले. अभिमतचे तीन वर्षांचे मिळून पावणेएकोणीस लाख. त्यातले १२ लाख कर्ज, दर वर्षी ४ लाख उचल. मुलींना बऱ्याच सरकारी बँका अर्धा टक्का सूट देतात, ती वजा करून साडेदहा टक्के व्याज धरलं. शिक्षणाची तीन वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चढत राहतं. पहिल्या उचलीवर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन. बेरीज ३ लाख ७८ हजार. म्हणजे पहिला हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर १५ लाख ७८ हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे २१,३०० रुपये. मुदत १५ वर्षं केली तरी साडेसतरा हजारांच्या जवळ.

"महिन्याला?" नानांनी विचारलं. त्यांना रकमेपेक्षा 'महिन्याला' हा शब्द टोचला. ज्याच्या घरात पैसा हंगामात येतो त्याला दर महिन्याच्या पाच तारखेची सवय नसते.

दुसरी अडचण तारणाची. चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या हमी निधीवर काम भागतं. त्यापुढे मात्र काहीतरी गहाण हवं. नानांचं दुकान भाड्याचं. घर गावठाणात, अजून वडिलांच्या नावावर आणि वारस चार भाऊ. सह्या गोळा करायच्या म्हणजे मुलीचं शिक्षण हा भावकीचा विषय होणार. वहिनींनी, म्हणजे मुलीच्या आईने, त्याला एका मानेच्या झटक्यात नकार दिला.

संलग्न कॉलेजची फी त्या वर्षी ५८ हजार होती. राहणं-जेवण १ लाख १० हजार धरलं, तर तीन वर्षांचे पाच लाख. फरक पावणेचौदा लाखांचा.

इथपर्यंत मी मनात निकाल देऊन बसलो होतो. आणि तो चुकीचा नसला तरी अर्धवट होता. कारण मुलगी तोवर एक शब्द बोलली नव्हती. गिऱ्हाइकाला पाइपचे एल्बो आणि टी काढून देत होती. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "काका, पावणेचौदा लाखांत काय मिळतं ते तुम्ही लिहिलंच नाही. नुसता खर्च लिहिला."

बरोबर होतं तिचं. बँकेत आम्ही परतफेडीची क्षमता बघतो, वस्तू कशी आहे ते गिऱ्हाइकाने बघायचं असतं.

पावणेसात हजारांची मुदत

तेव्हा ठरवलं की आत्ता निवडायचंच नाही. दोन्ही दारं उघडी ठेवायची आणि त्याला किती खर्च येतो ते बघायचं.

त्याला आधार होता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या फी परताव्याच्या धोरणाचा. २०२४-२५ साठी नियम असा होता की ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून. अभिमत विद्यापीठांनाही तो लागू. शिवाय संस्थेने मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, हेही आयोगाने सांगून ठेवलेलं आहे. हे दुसरं आमच्यासाठी जास्त महत्त्वाचं होतं, कारण शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकाकडे अडकला असता तर कॅपची जागा मिळूनही हातची गेली असती. मुलीने मूळ कागद दाखवले, झेरॉक्स दिल्या आणि पोच घेतली. अभिमतच्या माहितीपुस्तिकेत मात्र बारीक अक्षरांत 'प्रवेश निश्चिती शुल्क परत मिळणार नाही' असं छापलं होतं. त्या पानाचाही आम्ही फोटो काढून ठेवला.

राहिले सव्वादोन लाख. नाना म्हणाले, सीसीतून काढतो. मी नाही म्हटलं, आणि जरा जोरातच. सीसी मर्यादा मालावर आणि येणे बाकीवर दिलेली असते. तिच्यातून फी भरणं म्हणजे धंद्याचा पैसा वळवणं. शिवाय जूनमध्ये पाइपचा माल भरायला तीच मर्यादा लागते. मग वहिनी आतून पाटल्या घेऊन आल्या. "भाऊ, कपाटात काय आन् बँकेत काय, झिजत्यात थोड्याच!"

सोनेतारण कर्ज दोन तासांत झालं. नऊ टक्के दराने सव्वादोन लाखांचं चार महिन्यांचं व्याज सुमारे पावणेसात हजार. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चोख खर्च हाच. एवढ्या पैशात आम्हाला जून ते सप्टेंबर विचार करायला मिळाला. आणि नुसता विचार नाही, तिथे बसून बघायलाही मिळालं.

आठ जुलै आणि महाडीबीटी

सीईटीत तिला ९१ पर्सेंटाइल पडले. मग ८ जुलैला राज्य सरकारचा निर्णय निघाला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क शंभर टक्के माफ. व्यवस्थापन कोट्याला नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. हे घर ओबीसी. गंमत बघा, एक महिना आधी ज्या सीईटी-कॅपला आम्ही शिव्या देत होतो, तीच आता माफीची किल्ली झाली. जुन्या पद्धतीने थेट प्रवेश असता, किंवा त्या खिडकीवरचा बी.कॉम.चा सल्ला ऐकला असता, तर ही माफी आली नसती.

मी उत्साहाने फोन केला. पलीकडे शांतता. मग नाना म्हणाले, "पैसं महाडीबीटीवरनंच येणार न्हवं?"

हो म्हटलं.

"मग राहू द्या. धरू नका हिशोबात."

महाडीबीटी म्हणजे अनुदान आणि शिष्यवृत्तीचं राज्य सरकारचं पोर्टल. नानांचा त्याच्याशी माझ्यापेक्षा जुना संबंध. ठिबकचं अनुदान त्याच पोर्टलवरून येतं. अल्पभूधारकाला खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, हे नाना गिऱ्हाइकांना सांगत आले आहेत, आणि ते येईपर्यंत त्याच गिऱ्हाइकांची उधारी वाहत आले आहेत. तेव्हाचा क्रम असा: अर्ज, सोडत, पूर्वसंमती, मोजणी, आणि मग वाट बघणं. त्यांच्या लेखी 'मंजूर' आणि 'जमा' यांत एक आख्खा हंगाम असतो. तेव्हा आम्ही ५८ हजार स्वतःच भरायचे असं धरूनच आकडे ठेवले. कॉलेजच्या कार्यालयात विचारलं तेव्हा 'वरून पत्र आलं की सांगतो' हेच उत्तर मिळालं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी एवढे कागद मात्र वहिनींनी तहसीलच्या चार चकरा मारून जुलैतच तयार ठेवले. पुढे कळलं की अनेक मुलींची माफी पडताळणीच्या एका कागदावाचून लटकली.

सात आठवडे

तुकोबांची पालखी अकलूजचा मुक्काम करून पुढे गेली आणि त्याच आठवड्यात मुलगी पुण्याला गेली. अभिमतचे वर्ग सुरू झाले होते. वसतिगृहाचे पैसे भरले नाहीत, कारण ते परत मिळण्याची खात्री नव्हती. ती हडपसरला आत्याकडे राहिली. घर एका खोलीचं आणि स्वयंपाकघराचं, त्यात चार माणसं. रोज दोन बस बदलून जायची. तीन वर्षं हे जमणार नव्हतं, पण दीड-दोन महिने जमलं.

माहितीपुस्तिकेत न दिसणाऱ्या गोष्टी तिला तिथे दिसल्या. एक, शिकवायचे विषय जवळपास तेच होते. आर्थिक लेखांकन, व्यवस्थापनाची तत्त्वं, सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र. जर्नल एंट्रीचा पहिला तास तर तिला झोप आणणारा झाला, दुकानात ती हजारोंनी करून बसली होती. दोन, तास चुकत नव्हते. शिक्षक वेळेवर, तयारीने यायचे. तीन, आणि हे तिने मला दोनदा सांगितलं, तिथे प्रत्येकाला बोलायला लावत. दिल्ली, इंदूर, सुरत इथली मुलं हात वर करून चुकीचं उत्तरही ठणकावून द्यायची. ही दोन आठवडे गप्प.

मग एका तासाला खेळत्या भांडवलाचा विषय निघाला आणि तिने उठून बाबांची उधारी सांगितली. नऊ-नऊ महिने बिनव्याजी, वहीतल्या एका ओळीवर. वर्गाला पटेना. व्याज का घेत नाही? लेखी करार कुठे आहे? ती म्हणाली, व्याज लावलं तर तो पुढच्या वर्षी मोटार टेंभुर्णीहून घेईल. शिक्षकांनी पुढचा सगळा तास त्यावर घेतला. त्या रात्री तिने मला पाऊण तास फोन केला होता. तिचा आवाज ऐकून मला वाटलं, झालं, ही तिथेच राहणार. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला सह्यांसाठी तिच्या चुलत्यांकडे स्वतः जावंसं वाटलं.

नोकरीचा मुद्दा मीच उकरून काढला. विद्यापीठाच्या पत्रकात 'सर्वोच्च' पॅकेज होतं, 'सरासरी' होती. मी तिला विचारायला सांगितलं की मुलं ओळीने उभी केली तर मधल्या मुलाला किती मिळाले, आणि एकूण किती जणांनी नोकरीसाठी नाव घातलं होतं. कार्यालयातून नीट उत्तर आलं नाही. मग तिने तिथल्याच सहा माजी विद्यार्थ्यांना स्वतः गाठलं. चौघं एमबीएच्या तयारीत किंवा परदेशात पुढे शिकायला गेलेली. एक वडिलांच्या कारखान्यात. नोकरीला एकच, वार्षिक पावणेपाच लाखांवर. म्हणजे हातात महिना ३५ हजारांच्या आसपास, आणि आपला हप्ता २१,३००.

एमबीए करायचंच असेल तर हिशोब आणखी वेगळा होतो. जुन्या, नावाजलेल्या आयआयएमची दोन वर्षांची फी आज २० लाखांच्या पुढे आहे. कॅट या प्रवेश परीक्षेनंतरच्या निवडीत पदवीचे टक्के बहुतेक ठिकाणी मोजले जातात, पण पदवी कोणत्या इमारतीत घेतली याचे वेगळे गुण मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचा रस्ता तर राज्याच्या एमबीए सीईटीतून जातो. कर्ज काढायची कुटुंबाची ताकद एकदाच वापरता येणार असेल, तर ती बारावीनंतर वापरायची की पदवीनंतर? मी तिला एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. हा एक प्रश्न तरी मला आधीच सुचायला हवा होता.

निवड

गणपतीच्या सुमारास कॅपमधून जागा मिळाली, पुण्यातल्या मध्यवर्ती पेठांजवळच्या एका जुन्या कॉलेजात. मुलगी जाऊन बघून आली. इमारत दगडी, वर्गातले पंखे कुरकुरणारे आणि निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर. तिने ऑफिसात, कॅन्टीनमध्ये, जिन्यात मुलींना विचारलं. एका सीनियरने स्पष्ट सांगितलं, "इथे तुला कोणी विचारणार नाही. तू केलंस तर केलंस."

शनिवारी ती अकलूजला आली. दुकान बंद झाल्यावर आम्ही चौघं बसलो. तिने सांगितलं की ती संलग्न कॉलेजला जाणार. मला कारण हवं होतं, कारण माझी खात्री उलटी झाली होती.

"काका, तिथलं मला सगळ्यात काय आवडलं माहितीये? बोलायला लावतात ते. पण मला बोलता आलं ते दुकानामुळे. ते दुकान माझ्याकडे आहेच." मग जरा थांबून, "आणि त्या कर्जाचा हप्ता सुरू झाला असता तेव्हा मी बावीस वर्षांची असते. मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागली असती. मला ते नको."

नाना काही बोलले नाहीत. त्यांना रंगीत कागद आवडला होता, हे मला माहीत होतं. बाजारात सांगायला ते नाव बरं होतं.

माझं मत विचाराल तर याच दोन संस्था, हीच फी, पण घर पगारदाराचं असतं, किंवा मुलगी दुकानात न वाढलेली आणि वर्गात तोंड न उघडणारी असती, तर मी अभिमतकडे झुकलो असतो. त्या शिस्तीचे आणि त्या संगतीचे पैसे देण्यासारखे असतात. फक्त ते पावणेचौदा लाख कुणाच्या डोक्यावर बसतात, तेवढं बघावं लागतं.

फी परत मिळवणं हा वेगळाच अध्याय. १० सप्टेंबरला रद्द करण्याचा अर्ज मेलने पाठवला. दोन लाख १५ दिवसांत आले, २५ हजार अडले. कारण तीच माहितीपुस्तिकेतली बारीक अक्षरं. आयोगाचं परिपत्रक जोडून दोन मेल केले, मग आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते २५ हजारही आले. पाटल्या दिवाळीच्या आधी घरी आल्या.

एक नोंद इथेच करून ठेवतो. हे सगळं आटोपल्यावर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक ८६० संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, तीन टक्के व्याज सवलत. तुमची संस्था त्या यादीत असेल तर माझे वरचे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. पुन्हा मांडा.

त्यानंतर

माझा एक अंदाज साफ चुकला. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळेल असं मी धरलं होतं, ती मिळाली नाही. सदाशिव पेठेत तिघींत एक खोली, कॉट बेसिसवर. डिपॉझिट वेगळं. वर्षाचा राहण्या-जेवणाचा खर्च १ लाख १० हजारांऐवजी १ लाख ३५ हजारांवर गेला. आणि सीनियरने सांगितलं तसंच झालं. दुसऱ्या सत्रात संख्याशास्त्राच्या शिक्षिकेला दुसरीकडे काम मिळालं, त्या गेल्या आणि सहा आठवडे तासच झाले नाहीत. वर्गात साठ मुलं, हजर पंचवीस. त्या काळात ती मला म्हणाली होती, "काका, तिकडे असते तर हे झालं नसतं." मी काय बोलणार!

पण दुपारी एकनंतरचा दिवस तिचा होता. नारायण पेठेत एका कर सल्लागाराकडे ती जीएसटीच्या कामाला लागली, महिना सहा हजारांवर. तिथेच ती येणे बाकीचा वयवार तक्ता करायला शिकली, ९० दिवसांच्या आतली, सहा महिन्यांची, वर्षाच्या वरची. सुटीत घरी येऊन तिने नानांच्या वहीचा तसाच तक्ता केला. एक वर्षाहून जुनी उधारी ११ लाखांची निघाली. सीसीला आम्ही ९० दिवसांच्या वरची येणे बाकी धरतच नाही, म्हणजे बँकेच्या दृष्टीने तो पैसा नव्हताच. नाना तो कागद बराच वेळ बघत बसले होते.

फीमाफीसाठी कॉलेजने प्रवेशाच्या वेळी हमीपत्र लिहून घेतलं होतं की योजना मंजूर झाली नाही तर फी भरीन. त्यासाठी ५८ हजारांची मुदतठेव नानांनी बाजूला ठेवली होती. पुढच्या उन्हाळ्यात माफी मंजूर झाल्याचं महाडीबीटीवर दिसलं. नानांनी मला फोन केला, आवाजात आश्चर्य होतं.

"साहेब, पोरीची आली ओ. माळशिरसच्या त्या पाटलाची ठिबकची अजून आली न्हाई, त्यानं अर्ज आधी केलता."

मुदतठेव त्यांनी मोडली नाही, नूतनीकरण केली. यंदा ती तिसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायची, हे पुढच्या उन्हाळ्यात ठरवायचं आहे. तिने आत्ताच एका बिलाच्या पाठीवर आकडे मांडून मला फोटो पाठवलाय. या वेळी पहिल्या ओळीत खर्च नाही, काय मिळेल ते लिहिलंय. त्याखाली एक रकाना अजून कोरा आहे.